‘आधी दारू सोड, मग आत ये’

आमच्या भागातल्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ मध्यंतरी खूप फिरला. पिऊन रस्त्याच्या मधोमध बसलेली, केस मोकळे, समोर बघत कुणाला तरी शिव्या देणारी. जेमतेम चाळीस सेकंदांच्या त्या व्हिडिओवर प्रतिक्रियांचा पाऊस पडला आणि त्या दोन बाजूंना वाटल्या गेल्या. एक बाजू म्हणाली, हिला उचला आणि भिक्षेकरी गृहात टाका, इथून पोरंबाळं ये-जा करतात. दुसरी म्हणाली, गरिबाला छळू नका, व्यवस्थेनं घर दिलं नाही म्हणून ती इथं आहे. वाद चांगला पंधरा दिवस चालला. ती शिव्या नेमक्या कुणाला देत होती, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मी तिला ओळखते. ज्याला ती शिव्या देत होती तो माणूस त्या दिवशी तिथं नव्हताच. सात-आठ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका पुलाखाली, होता.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. रस्त्यावर राहणारी, अत्याचारातून गेलेली आणि नशा करणारी बाई म्हणजे तीन खात्यांच्या तीन फायली नव्हेत. डोक्यावर छप्पर, मनावरच्या आघाताचे उपचार आणि नशेचे उपचार हे तिन्ही तिला एकाच जागी, एकाच वेळी मिळायला हवेत, आणि त्यासाठी तिच्यावर आधी काही सिद्ध करण्याची अट नको. आज आपल्याकडं नेमकं उलटं आहे. निवारा केंद्र म्हणतं, आधी दारू सोड. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी पत्ता आणि नातेवाईक आण. मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, आधी नशा थांबू दे, मग बाकीचं बघू. प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडं बोट दाखवतं आणि रात्र झाली की बाई पुन्हा पुलाखाली.

पावसाळ्यातल्या एका रात्री आम्ही दोघी कार्यकर्त्या तिला घेऊन एका निवारा केंद्राच्या दारात उभ्या होतो. टेबलावर रजिस्टर: नाव, वय, मूळ गाव, आधार क्रमांक, सोबत नातेवाईक, व्यसन. तिथल्या व्यवस्थापक बाई निष्ठुर नव्हत्या. त्यांनी आम्हाला कोरडा टॉवेल दिला, चहा दिला. पण तिच्या तोंडाला वास येत होता. “ताई, आत माझ्याकडं तीन लेकुरवाळ्या आहेत. हिला घेतलं आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? उद्या न पिता आणा, लगेच घेते.” तिला वाटलं अडचण जागेची आहे. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती म्हणाली, “बसून झोपले तर चालंल का? आडवी न्हाई व्हनार.” ती वर्षानुवर्षं बसूनच झोपते. बंद दुकानाच्या शटरला पाठ, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला, गुडघे पोटाशी. शटरला पाठ असली की मागून कुणी येऊ शकत नाही, आणि कुणी टेकलं तरी पत्रा वाजतो. देशीची बाटली ती रात्री साडेदहाच्या सुमाराला उघडते, कारण अकरानंतर रस्ता ओस पडतो. एकदा मी विचारलं तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात इतक्या नेमकेपणानं कुणी सांगितलं नव्हतं: “न पिता डोळा लागला की त्योच येतो म्होरं. पिल्यावर येत न्हाई. आला तरी वळखू येत न्हाई.”

आता त्या ‘उद्या न पिता आणा’चा अर्थ बघा. जी बाई अनेक वर्षं रोज पिते, तिनं एकाएकी थांबवलं तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. नशा करणारे लोक याला ‘टर्की’ म्हणतात. घरच्या गादीवर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीसुद्धा ती अवघड जाते. आपण तिला सांगतो, ती फुटपाथवर, एकटीनं, रात्री काढून ये. म्हणजे जे उपचारांतून साध्य व्हायचं, तेच उपचारांच्या दारात प्रवेश फी म्हणून मागायचं. पाय मोडलेल्याला चालत दवाखान्यात यायला कुणी सांगतं का?

तिला जे होतं त्याला वैद्यकात नाव आहे: आघातोत्तर ताणविकार, बोलण्यात पीटीएसडी. घडून गेलेली गोष्ट पुन्हा पुन्हा घडत असल्यासारखी समोर येणं, झोप उडणं, जरा आवाज झाला की दचकणं, माणसांचा विश्वास न वाटणं, अंग आणि मन बधिर होणं. या नावाचा इतिहासच बोलका आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानं कोसळलेल्या सैनिकांच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटलं गेलं, पण त्या काळात पळपुटेपणा आणि भित्रेपणा या आरोपांखाली ब्रिटनने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडावं लागलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये पीटीएसडीला अधिकृत निदानाचा दर्जा दिला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळं. पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बोस्टनच्या एका रुग्णालयात अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्कारानंतर आलेल्या स्त्रियांमध्ये जवळजवळ हीच लक्षणं टिपून ठेवली होती. सीमेवरून आलेला जवान रात्री ओरडत उठतो आणि पितो, हे ऐकून आपल्याला गलबलतं. पुलाखालच्या बाईची लक्षणं तीच आहेत, फक्त तिला आपण निर्लज्ज म्हणतो. आणि एक फरक फार मोठा आहे. जवानाचं युद्ध संपलेलं असतं. तिच्या बाबतीत ‘आघातोत्तर’ हा शब्दच खोटा पडतो. आज रात्री काय होईल हे तिला माहीत नसतं.

या बायका आपल्या आकडेवारीतही धड सापडत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के निघालं. हे आकडे घरोघर जाऊन काढलेले. जिला घरच नाही तिच्या दारावर कोण थाप मारणार? त्या १.६ टक्क्यांवर बोट ठेवून ‘आपल्याकडं बायकांत हा प्रश्न फारसा नाही’ म्हणणारे अधिकारी मी ऐकले आहेत. २०११ च्या जनगणनेनं देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले, त्यांत महाराष्ट्रातले २ लाख १० हजारांवर. एका रात्रीत, झोपलेली माणसं शोधत केलेली ती मोजणी. जी बाई सुरक्षित राहण्यासाठी मुद्दाम कुणाला दिसणार नाही अशा जागी बसते, ती त्यात कितपत आली असेल याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

विरोधी बाजूतला सगळ्यात वजनदार मुद्दा डॉक्टरांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, नशेत असलेल्या माणसाच्या जुन्या जखमा उकरल्या तर तो जास्त पिणार; आधी मेंदू ताळ्यावर येऊ द्या. यात तथ्य आहे. पहिल्याच भेटीत ‘सांग, काय झालं तुझ्याबरोबर’ असं विचारणारा समुपदेशक अपायच करतो. आमच्या ओळखीच्या बायकांना त्यांची गोष्ट पोलिसांनी विचारली आहे, दवाखान्यात विचारली आहे, कॅमेरा घेऊन आलेल्यांनी विचारली आहे. त्या ती पाढे म्हटल्यासारखी सांगतात आणि मग दोन दिवस शुद्धीत नसतात. पण यातून ‘म्हणून आधी नशा, मग आघात’ हे निघत नाही. अमेरिकेत सात उपचार केंद्रांमधल्या ३५३ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आघाताची लक्षणं होती आणि नशेचाही त्रास होता. निम्म्या जणींना दोन्हींवर एकत्र काम करणारी ‘सीकिंग सेफ्टी’ ही पद्धत दिली, बाकीच्यांना स्त्री-आरोग्यावरचे गटवर्ग. प्रामाणिकपणे सांगायचं तर निकाल माझ्या बाजूचे लोक सांगतात तितका झळझळीत नव्हता: आघाताची लक्षणं दोन्ही गटांत कमी झाली आणि नशेच्या बाबतीत दोहोंत फरक दिसला नाही. पण त्याच माहितीचं पुढच्या वर्षी आलेलं विश्लेषण मला निर्णायक वाटतं. ज्यांच्या आघाताची लक्षणं उतरली त्यांची नशा त्यामागून कमी होताना दिसली. नशा कमी झाली म्हणून आघात उतरला, असं फारसं आढळलं नाही. म्हणजे क्रम लावायचाच झाला तर आपण लावतो त्याच्या उलटा. २०१२ मध्ये सिडनीतल्या १०३ जणांच्या अभ्यासात तर आघाताच्या आठवणींना थेट भिडणारे उपचार नशेच्या उपचारांबरोबरच दिले गेले. आघाताची लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त घटली आणि ज्याची भीती घातली जाते तसं नशा वाढणं काही झालं नाही.

मुळात एकत्र उपचार म्हणजे पहिल्या दिवसापासून जखम उकरणं, हीच गैरसमजूत आहे. सुरुवातीचे कित्येक आठवडे घडलेल्या गोष्टीचा विषयही निघत नाही. दुपारी चार-पाच जणी गोल बसतात. एखादीची नजर स्थिर होते, श्वास जोरात चालू लागतो, ती मनानं तिथून निघून गेलेली असते. तेव्हा तिला विचारायचं नसतं की कुठं गेलीस. म्हणायचं, बाई, पाय जमिनीला लाव. फरशी गार आहे का? समोर निळं काय काय दिसतंय, सांग बघू. ती म्हणते, बादली. मग म्हणते, त्या पोरीची ओढणी. मग तिचा श्वास खाली येतो. एवढंच. मग त्या दिवशीचा विषय: रात्री प्यावंसं वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, कुणाला हाक मारायची, आपल्याला माल आणून देणारा माणूस आपला आहे की नाही, अंगावर हात टाकणाऱ्याला नाही कसं म्हणायचं आणि म्हणून झाल्यावर कुठं पळायचं. यात दारू आणि आघात वेगळे काढताच येत नाहीत, कारण तिच्या रात्रीतही ते वेगळे नाहीत. बाटली आणून देणारा आणि रात्री त्रास देणारा, पुष्कळदा, एकच असतो.

निवारा केंद्राच्या त्या बाईंचा प्रश्नही खराच होता. आत लहान मुलं आहेत, रात्रपाळीला एकच माणूस आहे, पिऊन आलेली बाई भांडली, कुणावर धावून गेली, तर? मी हा धोका कमी लेखत नाही. एकदा अशा भांडणात दुसऱ्या बाईचं डोकं फुटलेलं मी पाहिलं आहे. पण उपाय वागणुकीवर नियम घालण्यात आहे, तोंडाच्या वासावर नव्हे. बाटली आत येणार नाही, हात उगारला तर त्या रात्रीपुरतं वेगळ्या खोलीत जावं लागेल, हे नियम चालतात आणि बायका ते समजून घेतात. लेकुरवाळ्या आणि पिऊन आलेल्या एकाच खोलीत ठेवू नयेत, दारापाशी चार गाद्यांची वेगळी खोली असावी, रात्री दोन बायका ड्युटीवर असाव्यात. यात अशक्य काय आहे? कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पिऊन आलेला माणूस रोज घेतला जातो. ‘उद्या शुद्धीवर या’ असं तिथं सांगत नाहीत. खरी अडचण अशी की खोलीच नाही आणि दुसरी बाईही नाही. शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागं एक निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं. २०११ ची सव्वा कोटीच्या घरातली लोकसंख्या धरली तर एकट्या मुंबईला सव्वाशे निवारे लागतात. आहेत ते त्याच्या आसपासही नाहीत, आणि त्यांतले फक्त स्त्रियांसाठीचे तर फारच थोडे. अपुऱ्या जागेचं ओझं आपण तिच्या चारित्र्यावर टाकून मोकळे होतो.

मग ज्यांच्याशी माझं मन जुळतं त्या दुसऱ्या बाजूकडं येते. ते म्हणतात, हे सगळं मानसशास्त्र राहू द्या, घर द्या, बाकीचं आपोआप होईल. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं कोणतीही अट न घालता आधी घर देण्याची जी पद्धत सुरू केली ती क्रांतिकारक होती, आणि कॅनडानं पाच शहरांत दोन हजारांवर माणसांबरोबर ती तपासून पाहिली तेव्हा लोक घरात टिकून राहतात हे नि:संशय दिसलं. मी या पद्धतीच्या बाजूची आहे. पण त्याच कॅनडाच्या अभ्यासात नशा आणि मानसिक लक्षणं यांत, नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या तुलनेत, फारसा जास्तीचा फरक पडला नाही. घरानं दार मिळतं, कडी मिळते. कडी लावून आत बसलेल्या बाईच्या डोळ्यांपुढं येणारा माणूस कडीनं अडत नाही. मला एक बाई माहीत आहे, जिला खोली मिळाल्यावर ती आठवडाभर जिन्यात झोपली, कारण बंद खोलीतच तिच्यावर पहिल्यांदा हात टाकला गेला होता. चेन्नईच्या ‘द बनयन’ या १९९३ पासून बेघर, मनोरुग्ण स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्थेनं हे ओळखलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी, आणि सोबत मदतनीस, अशी ‘होम अगेन’ ही त्यांची पद्धत आता आपल्या रत्नागिरीतही चालते. तिथल्या स्त्रियांचे आजार बहुतांशी वेगळे, तीव्र स्वरूपाचे आहेत. पण घर आणि सोबत या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडायच्या नसतात, हे तिथून शिकता येतं.

महाराष्ट्राला विनाअट दार ही काही परकी कल्पना नाही. १८६३ च्या सुमारास पुण्यात एका ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शहर तिच्या पापाबद्दल बोलत राहिलं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि विधवांनी गुपचूप येऊन इथं बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं ते त्यांच्या खुशीवर, असं जाहीर केलं. येणारीला कुणापासून दिवस राहिले हे आधी सांगावं लागेल, पुढं नीट वागण्याची हमी द्यावी लागेल, अशी अट घातली असती तर किती जणी आल्या असत्या? १८८४ पर्यंत पस्तीस जणी आल्या होत्या. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढं डॉक्टर झाला. ही तुलना पूर्ण जुळत नाही, हेही खरं. बाळंतपण एकदा होऊन जातं. नशेत माणूस पुन्हा पुन्हा घसरतो. पण त्याचाही धडा आपल्याकडं आहे. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हा गर्दुल्ला म्हणजे गुन्हेगार, असंच बहुतेकांचं मत होतं. घसरलेल्याला रागवून हाकलायचं नसतं, तो रुग्ण आहे, परत आला की परत घ्यायचं, हे महाराष्ट्र तिथं शिकला. पुढं तिथं स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही झाला. मग हीच समजूत जिला सोडायला आई-भाऊ-नवरा कुणीच येत नाही, तिच्यापर्यंत का पोचू नये?

कायद्यानं तर हे केव्हाच मान्य केलं आहे. एका बाजूला १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, जो भीक मागताना सापडलेल्याला एक ते तीन वर्षं कोंडून ठेवायची सोय करतो. व्हिडिओखाली ‘उचला’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात हाच कायदा असतो, नाव माहीत नसलं तरी. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केल्या. दुसऱ्या बाजूला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. आणि त्याच्या अठराव्या कलमात म्हटलं आहे की दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला, तिच्याकडं तसं कार्ड असो वा नसो, आणि निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळाली पाहिजे. म्हणजे आधार क्रमांक नाही म्हणून पुलाखालच्या बाईला मानसिक उपचार नाकारणारं सरकारी टेबल कायद्याच्या बाहेर वागतं. हे मी ठणकावून सांगते, कारण त्या टेबलांसमोर आम्ही तासन्‌तास उभ्या राहिलो आहोत.

उरला ‘इतके मानसतज्ज्ञ आणायचे कुठून’ हा प्रश्न. नाहीतच, मान्य. पण गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून दारूच्या त्रासावर समुपदेशन करवलं. अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ जणांवरच्या त्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि ज्यांना समुपदेशन मिळालं त्यांच्यात सुधारलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. हे ३७७ च्या ३७७ पुरुष होते. मला त्या अभ्यासाबद्दल आदर आहे आणि तरीही हा आकडा टोचतो. बायकांसाठी हेच काम करायला निवाऱ्यातल्याच, कधीकाळी रस्त्यावर राहून आलेल्या बायका शिकवून तयार करता येतील. फरशी गार आहे का, हे विचारायला पदवी लागत नाही. कुणाला झटका येतोय आणि आता रुग्णालय गाठायला हवं, हे ओळखायला प्रशिक्षण लागतं, आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर लागतो. एवढा खर्च महापालिकांना झेपत नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. त्या रजिस्टरमधला ‘व्यसन’ हा रकाना राहू द्या. तो दारातल्या माणसासाठी नसावा, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरसाठी असावा. ‘सोबत नातेवाईक’ हा रकाना खोडा. ‘आधार क्रमांक’ नसला तर जागा कोरी सोडा. आणि एक नवा रकाना घाला, जो मला त्या रात्री सुचला: झोपताना पाठ भिंतीला लागेल अशी जागा हवी आहे का.